धरणातला मासा खाऊ का, डॉक्टर?



मागच्या श्रावणात ओपीडीत एक आजोबा आले होते. पवना धरणाच्या काठावरचं गाव, वय पंचाहत्तरच्या आसपास, बी. पी. आणि साखर दोन्ही. मी नेहमीप्रमाणे आहाराचं सांगत होतो. मटण कमी करा, त्याऐवजी मासे चालतील, तळून नको, रस्सा करा. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, मासे म्हणजे कुठले? बाजारातला बांगडा मला परवडत नाही. धरणातला खाऊ का? आणि धरणातला तरी कुठला? आमच्या लहानपणी नदीत खडशी मिळायचा, आता नुसती चिलापी."

मी "खा की" म्हणून मोकळा झालो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. खडशी गेला कुठे आणि चिलापी आली कुठून? दोन्हींत खाणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? वाचत गेलो तेव्हा कळलं की या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्या मावळात, लोणावळ्यात घडलेला आहे. आजचा लेख त्यावर. आरोग्याचं शेवटी सांगतोच, पण आधी गोष्ट ऐका.

सुरुवात एका लष्करी अधिकाऱ्यापासून होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. पेशवाई संपल्यावर मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. गावं किती, विहिरी किती, पिकं कुठली, हे मोजत तो कित्येक वर्षं पुणे, नगर भागात फिरला. हा गृहस्थ जिथे तंबू टाकी तिथल्या नदीतले मासे मागवून घेई, त्यांची चित्रं काढून घेई, आणि भोई-कोळ्यांना विचारून त्यांची नावं लिहून ठेवी. पुढे १८३९ मध्ये त्याने लंडनमध्ये दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास मांडला.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने बऱ्याच वेळा लॅटिन शब्द शोधण्याचे कष्ट घेतलेच नाहीत. मासेमाऱ्याने जे नाव सांगितलं तेच इंग्रजी कानाने ऐकून लिहून टाकलं. त्यामुळे आज जगभरच्या पुस्तकांत माशांची शास्त्रीय नावं खुद्री, मुसल्ला, कोलस, मुल्ल्या, फुलुंगी, सींगटी, टाकरी अशी आहेत. आपण वैद्यकीय शिक्षणात ग्रीक-लॅटिन नावं पाठ करून थकलो, आणि इथे मुळा-मुठेच्या काठावरचा एक अनाम भोई जागतिक प्राणिशास्त्रात नाव ठेवून गेला. त्यातला 'खुद्री' म्हणजे पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पकडलेला महसीर. 'टॉर खुद्री' हे त्याचं आजचं पूर्ण नाव. आजोबांचा खडशी तो हाच. 'मुसल्ला' त्याला शिरूरकडे घोड नदीत मिळाला.

महसीर हा गोड्या पाण्यातला दांडगा मासा. मोठे खवले, जाड ओठ, अंगात प्रचंड ताकद. दात जबड्यात नसतात, घशात असतात. खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नाही. दगडावरचं शेवाळ, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, छोटे मासे, काठावरच्या झाडाचं पडलेलं फळ, सगळं चालतं. म्हणजे नदीच्या अन्नसाखळीत तो एका पायरीवर बसत नाही, चार पायऱ्यांवर एकदम उभा असतो. शास्त्रज्ञ म्हणूनच अन्नसाखळीऐवजी 'अन्नजाळं' हा शब्द पसंत करतात. साखळीत एक कडी तुटली की संपलं. जाळ्यात एक धागा तुटला तर बाकीचे ताण घेतात, आणि कुठला धागा कधी फाटेल हे सांगता येत नाही.

पण जेवणाबाबत एवढा उदार असलेला हा मासा बाळंतपणाबाबत फार हट्टी आहे. त्याला अंडी घालायला वाहतं, प्राणवायूने भरलेलं थंड पाणी लागतं आणि तळाला स्वच्छ वाळू-गोटे. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आलं की तो प्रवाहाविरुद्ध चढत वर जातो. आपल्याकडे 'चढणीचे मासे' म्हणतात ते असेच, अंडी घालायला वर निघालेले. (आणि आपण नेमके त्याच दिवसांत, अंड्यांनी पोट भरलेले असताना, ते चवीने खातो. मीही खाल्लेत. असो.)

आता धरणांकडे येऊ. लोणावळ्याला पर्यटक ज्यांना 'लेक' म्हणतात त्यातलं एकही नैसर्गिक सरोवर नाही. भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं. लोणावळा, वळवण आणि शिरोता ही टाटांची. जमशेटजींच्या डोक्यात कल्पना होती, ती त्यांच्या पश्चात १९१० मध्ये कंपनी होऊन उभी राहिली. १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. युक्ती साधी आणि जबरदस्त होती. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे वाहू द्यायचा नाही, अडवून ठेवायचा आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचा. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाऊ लागलं. पुढे १९२२ मध्ये आंद्रा खोऱ्याचं पाणी भिवपुरीला आणि १९२७ मध्ये मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरलं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो आपल्याला शाळेत शिकवतात. माणसांची ती बाजू सगळ्यांना माहीत आहे. पाण्याखालच्या रहिवाशांचं काय झालं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

नदीचं अन्नजाळं आणि धरणाचं अन्नजाळं यात मूलभूत फरक असतो. डोंगरातल्या ओढ्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, दगडांवर शेवाळ धरतं. काठावरच्या झाडांची पानं पाण्यात पडून कुजतात, त्यावर किड्यांच्या अळ्या जगतात. शेवाळ आणि पाला हे तिथलं मूळ भांडवल. धरण बांधलं की पाणी खोल आणि संथ होतं. तळाला अंधार, शेवाळ नाही. वरच्या थरात मात्र सूक्ष्म तरंगत्या वनस्पती वाढतात, त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी वाढतात. आता हे तरंगतं सूप मूळ भांडवल होतं. नैसर्गिक सरोवराला निदान काठाचा आधार असतो, तिथे पाणवनस्पती, किडे, माशांची पिल्लं असतात. विजेच्या धरणाला तोही नाही. दसऱ्याला भरलेलं पाणी मे महिन्यात कितीतरी खाली जातं, काठ उघडे पडून भेगाळतात, तिथे मुळं धरायला कुणाला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात पवनेच्या काठावर उभं राहून पाहा. तिकोना आणि तुंग हिरवे नसले तरी झाडं दिसतात, आणि पाण्याच्या कडेने मात्र लाल-तपकिरी मातीचा उघडा पट्टा असतो. तो पट्टा म्हणजे अन्नजाळ्यातलं भोक.

अशा पाण्यात कोण टिकतं? ज्याला सूप पिता येतं तो. म्हणून सरकारी मत्स्यखात्यांनी देशभर धरणांत गंगेच्या खोऱ्यातले मासे सोडले. कटला वरच्या थरातलं सूप पितो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगल तळाचा गाळ खातो. तिघांची एकमेकांशी भांडणं कमी. या माशांना बंद पाण्यात अंडी घालता येत नव्हती, ती अडचण ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी १९५७ च्या जुलैत सोडवली. त्यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला आणि मासे व्याले. वंध्यत्वाच्या उपचारात आपण आज जी संप्रेरकांची इंजेक्शनं देतो त्याच कुळातलं हे तत्त्व. १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया भारतात आला. त्याचीच आपली 'चिलापी'. तिला तर वाळू-गोटे, ओढा, पाऊस काहीच नको. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत सांभाळते, वर्षातून अनेकदा. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात काय येतं.

खडशीचं काय झालं? तो धरणात जगू शकत होता, वाढूही शकत होता. अडत होतं ते बाळंतपणापाशी. लोणावळ्याच्या तलावांना वरून ओढे मिळतात, पावसाळ्यात महसीर त्या ओढ्यांच्या मुखाशी गोळा होत. काही अंडी घातली जात. पण पाणी चढउतार होणारं, चढणीच्या माशांवर सगळ्यांचा डोळा, आणि खाली नदीकडे जायची वाट भिंतीने बंद. शिवाय खालच्या नद्यांचं काय झालं ते तुम्ही पाहताच. जिथे साइक्सला तो मिळाला त्या मुळा-मुठेच्या पाण्यात आज महसीर शोधायला कोणी जाणार नाही. इंद्रायणीवर देहूच्या डोहात लोक माशांना हात लावत नसत, तुकोबांच्या गावचे देवमासे म्हणून. श्रद्धेने जाळी अडतात, पण कारखान्याचं आणि गावाचं सांडपाणी अडत नाही.

इथे गोष्टीत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी येतात. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक. त्यांनी खडशीची अंडी, पिल्लांची वाढ यांचं बारकाईने निरीक्षण करून १९७१ च्या सुमारास ते 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मग टाटांच्या लोणावळ्याच्या मत्स्यकेंद्रात एस. एन. ओगले यांच्यासोबत त्यांनी कृत्रिम प्रजनन सुरू केलं. पावसाळ्यात ओढ्याच्या मुखाशी आलेले नर-मादी पकडायचे, पोटावरून हलका हात फिरवून मादीची अंडी आणि नराचं वीर्य एका भांड्यात घ्यायचं, हलवायचं, आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं. ओढ्याने जे करायचं ते ट्रेने केलं.

यातली एक युक्ती वाचून मला फारच गंमत वाटली. जिवंत मासे किंवा पिल्लं लांब पाठवायची तर पाण्याचे पिंप, प्राणवायू, केवढा व्याप. कुलकर्णी आणि ओगले यांनी दाखवून दिलं की महसीरची फलित अंडी नुसत्या ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवता येतात. आपल्या दवाखान्यातला साधा कापूस! १९७९ मध्ये त्यावर त्यांचा छोटासा शोधनिबंध छापून आला. वजन नाही, पाणी सांडत नाही, अंडी जिवंत.

मग लोणावळ्याची अंडी आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) राज्याबाहेर जाऊ लागली. चांगल्या हेतूने. एका नामशेष होत चाललेल्या माशाला वाचवणारं देशातलं हे ठळक काम होतं, आणि ते सरकारी योजनेशिवाय, एका वीज कंपनीच्या तलावावर चाललं होतं. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पुढचा भाग सांगताना तो आदर कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पाण्यातल्या जाळ्यात माणूसही एक धागा असतो हे आम्हाला शिकवलं नारूने. तरुण वाचकांना नारू माहीत नसेल. पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागे. जुन्या पेशंटच्या घोट्याजवळ अजून व्रण दिसतात. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात पडत, त्या 'सायक्लॉप्स' नावाचा पाण्यातला सूक्ष्म प्राणी खाई. तो सायक्लॉप्स पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेला की साधारण वर्षभराने नवा नारू. फडक्याने पाणी गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, या साध्या उपायांनी रोग गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. आमच्या पाठ्यपुस्तकात आणखी एक उपाय असे. विहिरीत सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे सोडा. हिवतापासाठीही तोच सल्ला, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी आणि गॅम्बुशिया सोडा.

गॅम्बुशिया मूळ अमेरिकेचा. १९२८ मध्ये तो बंगळूरला आणला आणि तिथून सगळीकडे पसरला. बंद टाकीत, हौदात त्याने चांगलं काम केलं. पण ओढ्या-तळ्यात सुटल्यावर तो स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लं खाऊ लागला. त्यात डासांच्या अळ्या खाणारे आपले स्वतःचे छोटे मासेही आले. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज त्याचं नाव आहे. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने घडलं. औषध खोटं नव्हतं, हौदासाठी लिहिलेली चिठ्ठी नदीला लागू केली गेली.

कावेरीत नेमकं हेच झालं, फक्त परका मासा अमेरिकेचा नव्हता, आपल्या लोणावळ्याचा होता.

कावेरीत महसीरची स्वतःची एक जात होती. पाठीवर उंचवटा असलेली, नारिंगी शेपटीची, आकाराने राक्षसी. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महसीर गळाला लागला होता, तो याच जातीचा. पुढे तिथेही मासे कमी झाले. सुरुंग लावून मासेमारी, धरणं, वाळूउपसा, नेहमीचीच कारणं. गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्या शौकिनांच्या संघटनेने नदीचा काही भाग सांभाळायला घेतला. मासे कमी आहेत, लोणावळ्यात पिल्लं मिळतात, आणून सोडू या, असा सरळ विचार झाला. महसीर म्हणजे महसीर. त्या वेळी कावेरीतला मोठा मासा शास्त्रीयदृष्ट्या वेगळा आहे हे कोणी नीट तपासलेलंच नव्हतं, त्याला धड नावही नव्हतं.

पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कावेरीच्या एका मासेमारी कॅम्पच्या वह्या काढल्या. शौकीन लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात कोणता मासा, किती वजनाचा पकडला हे लिहून ठेवलं होतं. त्या वह्यांतून चित्र उभं राहिलं ते असं. निळसर पंखांचा महसीर, म्हणजे आपला खडशी, वर्षागणिक वाढत गेला. उंच पाठीच्या महसीरची छोटी पिल्लं मिळेनाशी झाली, मग मधल्या आकाराचे, आणि शेवटी फक्त मूठभर म्हातारे मोठे मासे उरले. एखाद्या गावात बाळंतपणं बंद व्हावीत आणि फक्त आजी-आजोबा दिसावेत, तसं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये त्या माशाला अखेर शास्त्रीय नाव मिळालं, 'टॉर रेमादेवी', आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. नाव मिळालं तेव्हा जात अखेरच्या घटका मोजत होती.

सगळा दोष लोणावळ्याच्या पिल्लांचा का? नाही, आणि ते शास्त्रज्ञही तसं म्हणत नाहीत. नदीची तब्येत आधीच बिघडलेली होती. पण अशक्त झालेल्या अंगात नवा प्रतिस्पर्धी आला. तोच आहार, तीच जागा, संख्या मात्र भरपूर, कारण त्याच्यामागे एक आख्खी हॅचरी उभी होती. आम्ही डॉक्टर याला 'उपचारजन्य आजार' म्हणतो. औषध बरोबर, पेशंट दुसराच.

दुसरीकडे खडशीचं काय झालं? तो एकेकाळी संकटग्रस्त यादीत होता, २०२० च्या सुमारास तो त्या यादीतून बाहेर, 'चिंता कमी' या वर्गात आल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. लोणावळ्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचं यश म्हणून. मला त्या बातम्या वाचताना मिश्र भावना आली. मासा नामशेष होणार नाही हे खरं. पण 'चिंता कमी' म्हणजे मुळा-मुठा बरी झाली असं नव्हे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं ऑक्सिजन ९८ दिसतं तेव्हा नातेवाईक खूश होतात, आणि आम्ही मशीनकडे बघत असतो.

बरं, आता आजोबांचा प्रश्न. तुमच्यापैकी पुष्कळांचा तोच असेल, म्हणून सविस्तर सांगतो.

अन्नजाळ्याचा आपल्या ताटाशी सर्वांत थेट संबंध येतो तो विषाच्या साठण्यातून. कॅलिफोर्नियात 'क्लिअर लेक' नावाचं मोठं सरोवर आहे. तिथे चिलटांचा त्रास होई म्हणून १९४९ पासून तीन वेळा डीडीटीचा भाऊ असलेलं डीडीडी हे औषध पाण्यात घातलं. पाण्यात प्रमाण अगदी कमी, दहा लाख भागांत ०.०२ भाग. पण तरंगत्या जीवांत ते ५ झालं, माशांत आणखी वाढलं, आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत १६०० पर्यंत गेलं. पक्षी मेले. कारण ही विषं लघवीवाटे बाहेर जात नाहीत, चरबीत बसून राहतात, आणि प्रत्येक वरची पायरी खालच्या पायरीची सगळी शिल्लक गिळते. पाऱ्याचंही तसंच, फक्त तो चरबीऐवजी स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्या मांसात बसतो. त्यामुळे चरबी काढून टाकून तो जात नाही.

पाऱ्याच्या बाबतीत नव्या धरणांची एक वेगळी अडचण कॅनडात लक्षात आली. जंगल, माती पाण्याखाली गेली की कुजताना तिथले जीवाणू मातीतल्या पाऱ्याचं अंगात साठणाऱ्या रूपात रूपांतर करतात, आणि माशांमधला पारा काही दशकं वाढलेला राहतो. मग हळूहळू उतरतो. आपली वळवण, शिरोता ही धरणं शंभरी ओलांडलेली, आणि पवनाही १९७२ ची. म्हणजे निदान त्या कारणाने आता घाबरण्याचं कारण नाही. शेतातली कीटकनाशकं, वाढती रिसॉर्टं आणि त्यांचं सांडपाणी ही काळजी मात्र आजची आहे, आणि ती धरणाच्या वरच्या अंगाला काय चाललंय यावर अवलंबून आहे.

म्हणून पेशंटना मी असं सांगतो. सूप पिणारे आणि गाळ-शेवाळ खाणारे मासे, म्हणजे कटला, रोहू, मृगल, चिलापी, हे जाळ्यात खालच्या पायरीवर असतात, आठवड्यातून दोनदा निर्धास्त खा. मरळ, शिवडा हे शिकारी मासे. चव उत्तम, पण खूप मोठा आणि म्हातारा मासा रोज नको, आणि गरोदर बायकांनी व लहान मुलांनी लहान आकाराचे मासे निवडावेत. गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-३ बांगडा-तारलीपेक्षा कमी असतं, पण प्रथिनं उत्तम आणि स्वस्त. मासे अचानक मरून तरंगत असतील, पाण्यावर हिरवी साय आली असेल, वास येत असेल, तर तिथला मासा कितीही ताजा दिसला तरी आणू नका. शिजवताना विष मरतं हा गैरसमज आहे. शिजवल्याने जंतू मरतात, पारा आणि कीटकनाशक तसंच राहतं.

आणि एक गोष्ट हात जोडून. रोहू-कटल्याचं हिरवं पित्ताशय साखरेवर किंवा दम्यावर औषध म्हणून कच्चं गिळू नका. पित्तातल्या विषाने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिसची वेळ येते. असे रुग्ण देशभर नोंदलेले आहेत. मासा साफ करताना पित्ताशय न फोडता काढून टाका, बस.

आजोबा गेल्या महिन्यात पुन्हा आले. साखर आटोक्यात होती. मी त्यांना साइक्सचं, लोणावळ्याच्या कापसातल्या अंड्यांचं आणि कावेरीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचा खडशी तिकडं उपरा झाला आणि इकडं चिलापी उपरी. दोघांनाबी घरी कोण धाडणार?" मला उत्तर सुचलं नाही. मी गोळ्या लिहून दिल्या. जाताना दारातून वळून त्यांनी सांगितलं की यंदा पहिल्या पावसात त्यांचा नातू चढणीचे मासे धरायला ओढ्यावर गेला होता, आणि त्याला एक बोटभर पिल्लू मिळालं, मोठ्या खवल्यांचं, जाड ओठांचं. नातवाला ते काय आहे माहीत नव्हतं. आजोबांनी ते परत पाण्यात सोडायला लावलं.